हॅमर्सचे मालक आणि एक निळी खुर्ची

“आता मी जे सांगणार आहे ना मालक, त्यावर तुमचा काडीइतकाही विश्वास बसायचा नाही,” कॅझ ड्रोब्नी म्हणाला आणि भालदाराने भाला रोवावा तसं त्याने हातातलं फावडं बर्फात रोवलं. “माझ्या सख्ख्या भावाचाही बसला नव्हता. पण भाऊ आज मातीखाली आहे आणि मी मातीवर. यावरून काय ते समजा.”

“मला फक्त गाडी लावायची आहे,” मालक म्हणाला.

“पहिल्या मालकालाही फक्त गाडीच लावायची होती,” कॅझ म्हणाला आणि त्याने एक सुस्कारा सोडला. सुस्कारा एवढा लांब होता की त्याची वाफ मालकाच्या चष्म्यापर्यंत पोचली.

मालकाचं नाव ब्रेंट हॉलिस्टर. माणूस ॲरिझोनाचा. तिथे उन्हाने डांबर पातळ होतं, पण बर्फ दिसतो तो फक्त सरबताच्या पेल्यात. पोहण्याच्या तलावांचं पाणी स्वच्छ ठेवणारी यंत्रं विकून त्याने अमाप पैसा केला होता आणि गेल्या वसंतात हॅमर्स विकत घेतले होते. हॅमर्स म्हणजे मिलव्हर्टन गावाचा फुटबॉलचा संघ. फुटबॉल इथला, लंबगोल चेंडू बगलेत मारून समोरच्याला आडवं करत पळायचा. संघाबरोबर हॉलिस्टरला मिळाले धिप्पाड खेळाडू, एक बेसूर बँड, ‘भट्टी’ नावाचं जुनं मैदान आणि मैदानाभोवतीचा हा गाड्यांचा तळ. एवढं सगळं मिळालं, पण बर्फात घालायचे बूट कुणी दिले नव्हते. पायातले बूट बँकेत जायचे होते, आणि हात उघडे होते.

त्याच्या लांबलचक काळ्या गाडीचं नाक नदीकडच्या फाटकाजवळ, दिव्याच्या खांबाखाली येऊन थांबलं होतं. समोर बर्फ उपसून काढलेला एक सुबक चौकोन. चौकोनाच्या मधोमध एक लाकडी खुर्ची. स्वयंपाकघरातली, निळ्या रंगाची, एका पायाला चिकटपट्टी गुंडाळलेली. खुर्चीच्या पलीकडे, चौकोनाच्या दुसऱ्या तोंडाशी कॅझची खटारा पिकअप उभी होती. मागच्या हौद्यात शेगडी, कोळसा, बिअरची पेटी आणि किल्बासाच्या सॉसेजची एक माळ, एखाद्या लग्नाला पुरेल एवढी.

मिलव्हर्टनचा माणूस काय वाटेल ते करेल. बायको सोडेल, चर्च बदलेल, दारूच्या भरात शेरीफच्या कुत्र्याला मत देऊन येईल. पण ज्याने बर्फ उपसून आपल्या घरची खुर्ची मांडली, त्याच्या जागेत तो गाडी घालणार नाही. खुर्ची हलवणं दूरच, तिला बोटही लावणार नाही. असा कायदा कुठे लिहिलेला नाही. लिहिलेले कायदे लोक मोडतात.

“डेनिस!” हॉलिस्टरने तळावरच्या पिवळ्या जाकिटातल्या नोकराला हाक मारली. “ही खुर्ची उचल.”

डेनिसने आभाळाकडे पाहिलं. मग बुटांकडे पाहिलं. “साहेब, पाठीत उसण भरलीये.”

“खुर्ची आहे ती, पियानो नाही!”

“पियानो असता तर उचलला असता, साहेब.”

मागच्या रांगेतल्या गाड्यांमधून कुणीतरी फिस्सकन हसलं. रांग खोळंबली होती, पण भोंगा एकही वाजत नव्हता. उलट दारं उघडत होती. बिअरचे डबे हातात घेऊन लोक जवळ सरकत होते. सामना सुरू व्हायला वेळ होता, आणि त्याआधी फुकटात एक सामना बघायला मिळत होता.

“ती पाटी दिसत नाही का तुम्हाला?” हॉलिस्टरने भिंतीकडे बोट केलं. कोरी करकरीत पाटी होती. ‘मालकांसाठी राखीव.’

“दिसते की. बर्फाखाली होती. मी उपसला तेव्हा दिसायला लागली. म्हणजे तुमची पाटीसुद्धा माझ्याच कृपेने दिसतेय, मालक.”

“जमीन माझी आहे. हे डांबर माझं आहे. तो दिवा माझा आहे.”

“आणि बर्फ?”

“बर्फ?” हॉलिस्टर अडखळला. “बर्फ... कुणाचाच नसतो.”

“उपसेपर्यंत कुणाचाच नसतो,” कॅझ म्हणाला. “उपसला की उपसणाऱ्याचा.”

लोकांनी माना डोलावल्या. वरवर कॅझ मजेत दिसत होता. पण कोटाच्या आत त्याचा जीव टांगणीला लागला होता, आणि त्याचं कारण त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. कारण होता त्याचा डावा खुबा. या दिव्यापासून फाटकापर्यंत आणि फाटकापासून आतल्या त्याच्या बाकापर्यंत, एवढीच चाल तो खुबा अजून कबूल करत होता. ही जागा गेली तर राहिला नदीपलीकडचा तळ. तिथून पूल, पुलानंतर चढ. कॅझला ते जमणार नव्हतं, हे कॅझला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे मग रविवार उजाडला की घरातला सोफा, समोर टीव्ही आणि बायको, आयरीन, गेल्यापासून रिकामी पडलेली ती खोली. आजोबा इथे उभे राहिले, बाप इथे उभा राहिला, आणि आपण घरी बसून टीव्हीवर ओरडायचं? त्यापेक्षा खोटं बोललेलं बरं. आणि खोटं बोलण्यात कॅझचा खुबा आड येत नव्हता.

एवढ्यात पिकअपचं दार उघडून लोरेटा बाबियाक खाली उतरली. कॅझची शेजारीण, नवरा वारलेली, हातात पिरोगीचं, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्यांचं, झाकलेलं भांडं. ती चार पावलं आली आणि खुर्ची पाहून थबकली. तिने चिकटपट्टी पाहिली. ती चिकटपट्टी तिनेच, तिच्याच हाताने, ईस्टरच्या आदल्या दिवशी गुंडाळली होती.

“कॅझ,” ती हळूच म्हणाली, “ही खुर्ची...”

कॅझने तिच्या पायावर पाय दिला. “ही खुर्ची, बरोबर बोललीस लोरेटा, ही खुर्ची म्हणजेच तर सगळी गोष्ट! ही माझ्या आजोबांची खुर्ची, मालक. वोयचेख ड्रोब्नींची. हॅमर्स नव्हते तेव्हाची.”

लोरेटाने तोंड उघडलं. कॅझकडे पाहिलं. तो कसा एका पायावर भार टाकून उभा होता, तेही पाहिलं. मग तोंड मिटून ती काळ्या गाडीच्या मागच्या, बोटभर उघड्या खिडकीपाशी जाऊन टेकून उभी राहिली आणि स्वतःशीच पुटपुटली, “तरीच सकाळची कॉफी मला उभ्याने प्यावी लागली.”

“काच खराब करू नका,” हॉलिस्टर तिला म्हणाला. “आणि जरा हळू बोला. आत माझी आजी झोपलीये.”

मागच्या सीटवर खरंच कुणीतरी होतं. घोंगडीचं एक गाठोडं, वर लोकरीची राखाडी टोपी, टोपीखाली अर्धवट उघडं तोंड. नव्वदी केव्हाच ओलांडलेली दिसत होती. “सामना बघायचाच म्हणून हट्ट धरला तिने,” हॉलिस्टर म्हणाला. “लहानपणी इकडेच कुठेतरी राहायची. आता दिवसाचा बराच वेळ झोपेत असते. म्हणून तर ही जागा हवी. तिला लांब चालवत नाही.”

हे ऐकून कॅझ जरा नरमला. खुबा काय असतो ते त्याच्याइतकं कुणाला कळणार! पण आजीबाईंसाठी चाकाची खुर्ची होती, डेनिस होता, पाच-सहा नोकर होते. कॅझसाठी फक्त कॅझ होता. त्याने मनातल्या मनात आजीबाईंची क्षमा मागितली आणि खाकरला.

“संघ कुणी काढला, माहीत आहे?”

“ऑगस्टस फेनविकने,” हॉलिस्टर म्हणाला. कागदपत्रं त्याने वाचली होती, तेवढं खरं. “अंत्यविधीचा धंदा होता त्याचा.”

“शाब्बास! शवपेट्या उचलायला त्याच्याकडे दांडगे गडी होते. रविवारी पुरणं बंद. मग बसून खाणार आणि भांडणार. फेनविक म्हणाला, भांडताच आहात तर तिकीट लावून भांडा. असा झाला संघ सुरू. आणि हा काळा-जांभळा गणवेश? शवपेटीच्या अस्तराचा उरलेला साटीन तो!”

“हे मात्र खरंय,” गर्दीतून डेनिस म्हणाला.

“तर पहिलाच हिवाळा. बर्फ असा की घोडा दिसेना, नुसते कान दिसायचे. माझ्या आजोबांनी हीच जागा उपसली, हीच खुर्ची मांडली आणि शेगडीला कोळसा आणायला गेले. इकडून आला फेनविक मढ्यांची गाडी घेऊन. म्हणाला, जमीन माझी, मैदान माझं. अगदी तुम्ही म्हणालात तसंच. खाली उतरला, खुर्ची उचलली आणि पलीकडे ठेवली.” कॅझ थांबला. “त्या दिवसापासून मिलव्हर्टनमध्ये माणूस मरेना.”

“काय?”

“मरेचना! पोलादाच्या कारखान्यात एक जण तिसऱ्या मजल्यावरून पडला, उठला, टोपी झटकली आणि पुन्हा कामाला लागला. म्हातारी पुगाच अंथरुणावर पडून होती. धर्मगुरू येऊन, मरणाऱ्याला लावतात ते शेवटचं तेल लावून गेले. तिने त्या तेलात बटाटे तळायला सांगितले. आख्खा हिवाळा फेनविकच्या दाराशी एक मढं आलं नाही. शवपेट्यांत कोंबड्यांनी अंडी घातली. बर्फ वितळला तेव्हा फेनविक एवढा वाळला होता की स्वतःच्याच पेटीत दोनदा मावला असता. शेवटी संघ फुंकून टाकला, आणि ज्या संध्याकाळी सही केली त्याच संध्याकाळी म्हातारी पुगाच सुखाने गेली.”

लोकांनी टोप्या काढल्या. कुणीतरी “देव तिला शांती देवो” असंही म्हणालं. हॉलिस्टर हसला, पण त्याचा जो हात खुर्चीच्या पाठीकडे निघाला होता तो वाटेतच खिशात गेला.

“थंडी वाजतेय तुम्हाला,” कॅझ मायेने म्हणाला. “लोरेटा, मालकांना पिरोगी दे गं. उपाशी पोटी निर्णय घेऊ नये.”

लोरेटाने भांड्याचं झाकण काढलं. आतून लोण्याची आणि परतलेल्या कांद्याची वाफ निघाली. हॉलिस्टरने नको नको म्हणत एक घेतली, आणि मग दुसरीही घेतली.

“फेनविकनंतर आला क्लाइनश्मिट,” कॅझने पुढे रेटलं. तोवर त्याने शेगडी उतरवून चौकोनाच्या कडेला मांडलीही होती. “बिअर गाळणारा. खेळाडूंना पगाराऐवजी पिंपं द्यायचा. त्यामुळे पहिल्या अर्ध्यात हॅमर्स सिंहासारखे खेळायचे आणि दुसऱ्या अर्ध्यात एकमेकांच्या गळ्यात पडून रडायचे. तो फेनविकची गोष्ट ऐकून होता. म्हणाला, मी कशाला हात लावू? त्याने गाडीवानाला सांगितलं, घोड्यांना एक पाऊल पुढे घे. घोड्याने नाकाने खुर्चीला हलकेच ढोसलं. वीतभर सरकली. वीतभरच!”

“मग?” हे हॉलिस्टरच्या तोंडून आपसूक निघून गेलं.

“बिअरला फेस येईना.”

गर्दीत एक कळवळ्याचा सूर उमटला. माणसं न मरणं एकवेळ ठीक, पण हे!

“पिंपामागून पिंप फोडलं. नुसतं पिवळं पाणी, डबक्यासारखं निपचित. गिऱ्हाईक पेल्यात बघायचं आणि स्वतःचंच तोंड दिसायचं. कोण पिणार? क्लाइनश्मिट दुःखाने पत्ते खेळायला लागला आणि एका गुरुवारी लुथरन चर्चच्या तळघरात, पाद्र्याच्या साक्षीने, आख्खा संघ हरला. जिंकला कुणी? कॉर्डेलिया व्हॅन्सबाईंनी. हातात तीन राण्या आणि तोंडावर एक गोड हसू. तिकडे राण्यांपेक्षा ते हसूच जास्त चाललं असणार.”

“व्हॅन्सबाईंनी संघ विकत घेतला होता,” हॉलिस्टर म्हणाला. “कागदावर तसं आहे.”

“कागदावर पाद्री पत्ते खेळत बसला होता असं लिहितील का, मालक?”

कॅझने किल्बासाची माळ सोडवून शेगडीवर ठेवली. चर्र झालं. आता धुराच्या ओढीने मागच्या दोन रांगाही रिकाम्या होऊन इकडे आल्या.

“व्हॅन्सबाई मात्र जातिवंत बाई. आल्या, खुर्ची पाहिली, विचारलं, कुणाची? आजोबा म्हणाले, माझी, बाईसाहेब. बाई परत गेल्या आणि घरून एक भरतकामाची उशी घेऊन आल्या. का, तर खुर्चीला गार लागू नये. स्वतः पार त्या कारखान्याच्या चिमणीपाशी गाडी लावून चालत आल्या. त्याच वर्षी हॅमर्सनी लीग जिंकली. पुढच्या वर्षी पुन्हा. मग तिसऱ्या वर्षी हरले, कारण उशी धुवायला टाकली होती. बाई म्हातारपणाला पुरून उरल्या आणि गेल्या त्या मध्यंतरात, आपला संघ पुढे असताना! असा मृत्यू बिशपलाही आला नाही.”

“ती उशी कुठे आहे?” हॉलिस्टरने विचारलं. तलावाची यंत्रं विकणारा माणूस, अगदीच काही भोळा नव्हता.

“पुरली. बाईंबरोबर.”

“आणि खुर्ची जर एवढी जुनी आहे, तर हा रंग ताजा कसा?”

“रंग दरवर्षी द्यावा लागतो. खुर्ची तीच आहे. लाकूड तेवढं बदललंय.”

लोरेटाला ठसका लागला. कॅझने तिच्याकडे न बघता तिला बिअरचा डबा दिला.

“बाईंचा मुलगा,” तो घाईने म्हणाला, “धाकटा व्हॅन्स. शिकलेला. म्हणाला, एवढी ऐतिहासिक खुर्ची उघड्यावर? त्याने ती नेली आणि मैदानाच्या दरवाजाजवळच्या दालनात काचेच्या कपाटात ठेवली. मान म्हणून हो! पण हलवली ती हलवलीच. दुसऱ्या रविवारपासून हॅमर्सची लाथ सरळ बसेना. दोन खांबांमधून चेंडू मारायचा तर तो डावीकडे वळायचा. कितीही उजवीकडे मारा, डावीकडेच. एक चेंडू भिंतीवरून गेला, नदी ओलांडली आणि बिशपच्या खिडकीतून सरळ त्यांच्या सूपमध्ये. ते बीटाचं लाल सूप. बिशप त्या दिवसापासून बेसबॉल बघायला लागले.”

“ती लाथांची वर्षं मला आठवतात,” मागून एक जण खिन्नपणे म्हणाला. “माझा बाप त्या दुःखातून उठलाच नाही.”

“मग धाकट्याने संघ विकला त्या अकरा दंतवैद्यांना,” कॅझ म्हणाला.

हॉलिस्टर एकदम सावध झाला. अकरा दंतवैद्यांशी त्याने स्वतः सौदा केला होता. कॅझला ते ठाऊक होतं. खोट्याचा खांब रोवायचा तर खऱ्याच्या जमिनीत रोवावा, हे तो शाळेत असतानाच शिकला होता.

“अकरा जण, आणि एकाचं दुसऱ्याशी पटायचं नाही. एक म्हणायचा दाढ काढा, दुसरा म्हणायचा भरा. पण एका गोष्टीवर एकमत झालं, की खुर्ची हलवायची. तोवर माझ्या बापाने ती कपाटातून सोडवून आणली होती. कशी ते विचारू नका, तो पहारेकरी अजून जिवंत आहे. तर दंतवैद्य म्हणाले, एकट्याने हलवली तर शाप एकट्याला. अकरांनी मिळून हलवू, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला थोडाथोडा येईल. अकरा जणांनी एकेक बोट लावलं आणि उचलली.”

“आणि?” डेनिसने विचारलं. गेली बारा वर्षं तो याच तळावर नोकरीला होता आणि हे पहिल्यांदाच ऐकत होता.

“सहीच्या वेळी तुम्ही त्यांना पाहिलंत ना, मालक? त्यातला जो सगळ्यांत वडील, डॉक्टर पॉमरॉय, तो बोलताना काय करत होता?”

हॉलिस्टर आठवू लागला. लांबलचक टेबल, कडेला बसलेले दंतवैद्य, आणि पॉमरॉय... “तोंडावर हात ठेवून बोलत होता,” तो सावकाश म्हणाला.

“का?”

“मला वाटलं, खोकला असेल.”

“खोकला!” कॅझने दोन्ही हात पसरले. “अकरा दंतवैद्य आणि सगळ्यांत मिळून एक दात! तोही पाळीपाळीने वापरतात. सुटका हवी म्हणून तर त्यांनी तुम्हाला संघ विकला. आणि तुम्हाला वाटलं, तुम्हीच हुशारीने घेतला.”

कुणीच हसलं नाही. हेच तर मिलव्हर्टनच्या लोकांचं कसब. हसू गिळून ते सगळे मयताला आल्यासारखे गंभीर उभे राहिले. हॉलिस्टरने खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची आपली उभी होती, निळी, निरुपद्रवी, एक पाय पट्टीत. त्याने आपल्या दातांवरून हळूच जीभ फिरवली. मग स्वतःचाच राग येऊन तो ताठ झाला.

“पुरे झालं, मिस्टर ड्रोब्नी. गोष्ट छान आहे. पण मी ॲरिझोनातून इथवर आलो तो खुर्चीला घाबरायला नाही. यातलं काही खरं असल्याचा एक तरी पुरावा? हे पाहिलेला एक तरी जिवंत माणूस?”

“सगळे टेकडीवरच्या दफनभूमीत,” कॅझ म्हणाला. “तिथे हवी तेवढी चौकशी करा.”

“मग मी ती हलवतोय,” असं म्हणून हॉलिस्टरने दोन्ही उघडे हात खुर्चीच्या पाठीवर ठेवले.

शेगडीवर चरबी तडतडत होती, तेवढाच आवाज. कॅझच्या डोळ्यांसमोर पूल आला, चढ आला, घरचा सोफा आला. जिभेवर आणखी एक मालक आणायला तो धडपडला, पण मालक संपले होते. पुढचा मालक समोर उभा होता आणि त्याच्या हातात खुर्ची होती.

इतक्यात काळ्या गाडीची मागची काच घूं करत खाली गेली.

“ब्रेंट.”

लोकरीची टोपी बाहेर आली. टोपीखालचं तोंड मिटलेलं होतं आणि डोळे टक्क उघडे.

“आजी! तू जागी आहेस?”

“एवढ्या मोठ्याने चाललंय, मढंही जागं होईल. कधीची जागी आहे मी. फेनविकच्याही आधीपासून.” म्हातारीने मान वळवली. “ए, फावडेवाल्या. नाव काय म्हणालास?”

“ड्रोब्नी, बाईसाहेब. काझिमिर ड्रोब्नी.”

“लोहाराच्या गल्लीतल्या वोयचेखचा नातू?”

कॅझ गाडीकडे एक पाऊल सरकला. “हो. तुम्ही कोण?”

“त्याच गल्लीतली. पिवळं घर. लग्न होऊन गेले ती ॲरिझोनाच्या भट्टीत पडले.” मग नातवाकडे. “ब्रेंट, ती खुर्ची सोड.”

“आजी, जागा आपली आहे. पाटीसुद्धा...”

“बर्फ तू उपसलास?”

“नाही.”

“मग कुठली आली आपली? तुझ्या बापाला शिकवलं होतं मी हे. वाळवंटात राहून विसरला आणि तुला सांगितलं नाही. खुर्ची हलवायची नसते. सोड आणि गाडी मागे घे.”

“पण तुला चालवणार नाही, आजी!”

“चालायला कोण सांगतंय? उतरव मला इथेच, या शेगडीपाशी. तू गाडी लावून ये नदीपलीकडे. तुला जरा चालायला हवंच आहे.”

हॉलिस्टरने खुर्चीवरून हात काढले. पाठीला थोडासा ओलसर ठसा राहिला. डेनिसची उसण एका झटक्यात पळाली. त्याने धावत जाऊन गाडीचं दार उघडलं, म्हातारीला घोंगडीसकट अलगद उचललं आणि पिकअपच्या उबदार सीटवर नेऊन बसवलं. मालकाची गाडी मागे मागे सरकत रांगेतून बाहेर पडली. लोकांनी तिला अशी वाट करून दिली, जशी हरलेल्या पण सभ्य संघाला देतात.

कॅझने सोडलेला सुस्कारा या वेळी खरा होता. त्याने खुर्ची उचलून बाजूला घेतली, पिकअप चौकोनात सरकवली, आणि खाली उतरला तेव्हा त्याचा खुबासुद्धा दुखत नव्हता. आता एवढ्यावर थांबला असता तर तो कॅझ कसला! किल्बासा टोचलेला काटा उंच धरून तो गर्दीला म्हणाला, “ऐकलंत ना? पुरावा मागत होते. देवाने गाडीच्या मागच्या सीटवरून साक्षीदार पाठवला! बाईंनी माझ्या आजोबांची खुर्ची बघताक्षणी ओळखली!”

पिकअपच्या सीटवरून म्हातारीने लोरेटाच्या भांड्यातली पिरोगी उचलली, अर्धी चावली, आणि पार चिमणीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली,

“खोटारड्या! त्या हिवाळ्यात कुणी मेलं नाही म्हणे! माझी मावशी मेली की नाताळात. आणि आजोबांची खुर्ची? ती हिरवी होती आणि आमची होती. वोयचेख दर बर्फाला आमच्या ओसरीवरून पळवायचा. ड्रोब्नींनी जन्मात कधी स्वतःच्या घरची खुर्ची मांडलीये? विचारा या पिरोगीवाल्या बाईला, आज सकाळची कॉफी तिने उभ्याने का प्यायली!”